स्वामी रामानंद तीर्थ : अंबाजोगाईचे मुख्याध्यापक

दरवर्षी १७ सप्टेंबरला आपल्या मराठवाड्यातल्या प्रत्येक शाळेत झेंडावंदन होतं. फळ्यावर 'मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन' असं रंगीत खडूने लिहिलेलं असतं, खुर्चीवर एक फोटो ठेवून त्याला हार घातलेला असतो. भगवी वस्त्रं, साधा चेहरा. फोटो कोणाचा असं विचारलं की स्वामी रामानंद तीर्थ हे उत्तर सगळ्यांना येतं. पण हे स्वामीजी आपल्या बीड जिल्ह्यात, अंबाजोगाईत, एका शाळेचे मुख्याध्यापक होते हे मात्र वर्गातल्या फारच थोड्या मुलांना माहीत असतं. भाषणांतसुद्धा तुरुंग, सत्याग्रह, पोलीस कारवाई एवढंच येतं. शाळा राहून जाते. म्हणून आज आपण त्यांच्याकडे गुरुजी म्हणून पाहणार आहोत.

त्यांचं मूळ नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला. हा भाग आज कर्नाटकात आहे. शिक्षणासाठी ते सोलापूरला होते. १ ऑगस्ट १९२० ला लोकमान्य टिळक गेले. त्या वेळी व्यंकटेशला सतरावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं. त्या बातमीनंतर या मुलाने आजन्म ब्रह्मचारी राहून देशाचं काम करायचं ठरवलं. या वयात बरेच जण काहीबाही ठरवतात आणि परीक्षा जवळ आली की विसरून जातात. याने मात्र ते शेवटपर्यंत पाळलं. असहकाराच्या चळवळीत सरकारी शाळा सोडली, अमळनेरच्या राष्ट्रीय शाळेत गेला आणि पुढे पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठातून एम.ए. झाला.

राष्ट्रीय शाळा म्हणजे काय, हे इथे थोडं समजून घ्यायला हवं. १९२० साली गांधीजींनी सरकारी शाळांवर बहिष्काराची हाक दिली. मुलं बाहेर पडली, पण त्यांनी शिकायचं कुठे? मग ठिकठिकाणी लोकांनी स्वतःच्या शाळा काढल्या. तिथे शिकवणं मातृभाषेतून चाले आणि सोबत सूतकताई, शरीरश्रम, प्रार्थना असे. सरकारी अनुदान नाही आणि दाखल्याला सरकारी नोकरीत किंमत नाही. म्हणजे तिथे शिकणाऱ्याला आणि शिकवणाऱ्याला दोघांनाही पुढचा पगार दिसत नव्हता. अशा शाळेत शिकलेला हा तरुण पुढे तशाच शाळेत शिकवायला गेला, यात नवल नाही.

मधली काही वर्षं ते कामगार चळवळीत होते. प्रसिद्ध कामगार पुढारी ना. म. जोशी यांचे सचिव म्हणून त्यांनी काम केलं. तब्येत फार बिघडली आणि ते काम सुटलं. त्यानंतर १९२९ च्या सुमारास ते हिप्परगा या खेड्यात शिक्षक म्हणून आले. हे गाव आजच्या धाराशिव जिल्ह्यात लोहारा तालुक्यात आहे. तेव्हा ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं.

आता हैदराबाद संस्थानातल्या शाळेची गोष्ट ऐका, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

संस्थानात सोळा जिल्हे होते. तेलुगू बोलणारे जवळपास निम्मे, मराठी बोलणारे साधारण चौथा हिस्सा, कन्नड आणि उर्दू बोलणारे प्रत्येकी दहाएक टक्के. कारभाराची भाषा मात्र उर्दू. कचेरी, कोर्ट, पोलीस ठाणं सगळीकडे उर्दू. शाळेतही तेच. पहिल्या काही इयत्ता मातृभाषेत असल्या तरी वर चढत गेलं की माध्यम उर्दू होई. प्राथमिकला तहतानिया, मिडलला वस्तानिया, हायस्कूलला फौकानिया म्हणत. शिक्षकाला मुदर्रिस म्हणत. आपल्याकडच्या जुन्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी हे शब्द अगदी परवापरवापर्यंत होते. जुने जमिनीचे कागद काढले तर आजही बऱ्याच घरांत उर्दूतले निघतात आणि वाचून घ्यायला माणूस शोधावा लागतो.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं. तिथे वैद्यक, विज्ञान, कायदा हे सगळं उर्दूतून शिकवायची सोय केली. त्यासाठी भाषांतराचं मोठं खातं उघडलं आणि शेकडो पुस्तकं उर्दूत आणली. इंग्रजीच्या जमान्यात भारतीय भाषेत उच्च शिक्षण देणं ही मोठीच गोष्ट होती, तिचं कौतुक करायला हरकत नाही. भाषा म्हणून उर्दूवर राग धरायचं तर काहीच कारण नाही. पण केजच्या किंवा परळीच्या एखाद्या कुणब्याच्या पोराला त्याचा काय उपयोग? घरी आई मराठी बोलते, शेतात बाप मराठी बोलतो, आणि शाळेत भूगोल उर्दूत. मुलगा हुशार असला तरी आधी भाषेशी झगडा, मग विषयाशी. त्यात बहुतेक पोरं गळून जात. १९३१ च्या जनगणनेत संपूर्ण संस्थानात लिहितावाचता येणारे शंभरात जेमतेम पाच निघाले. खेड्यातल्या बायकांची गोष्ट तर विचारायलाच नको.

बरं, लोकांनी स्वतःची शाळा काढावी म्हटलं तर त्यालाही परवानगी लागे. खासगी शाळांसाठी सरकारने कडक नियम केले होते. कोण शिकवणार, काय शिकवणार, पैसा कुठून आणला, सगळ्यावर नजर. जाहीर सभेलाही आधी परवानगी काढावी लागे, त्यासाठी गश्ती निशाण ५३ नावाचं फर्मानच होतं. तरीसुद्धा हैदराबादची विवेकवर्धिनी, गुलबर्ग्याचं नूतन विद्यालय, औरंगाबादची सरस्वती भुवन अशा शाळा लोकांनी उभ्या केल्या. या सगळ्या शहरांतल्या. खेड्यात अशी शाळा चालवणं त्याहून अवघड होतं. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ साली व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांनी सुरू केली होती. ती खेड्यात होती, हेच तिचं वेगळेपण.

हिप्परग्याला स्वामीजी सहाएक वर्षं होते. मुलं शाळेच्या वसतिगृहात राहत आणि गुरुजीही तिथेच राहत. शाळा सुटली, गुरुजी गाडी पकडून गेले, असा प्रकार नव्हता. मुलांचं उठणं, अभ्यास, जेवण, आजारपण हे सगळं शिक्षकाच्या डोळ्यांसमोर. पगार म्हणाल तर पोटापुरता. खेड्यात शाळेचा दर्जा कशाने वाढतो यावर आपण शिक्षक मंडळी प्रशिक्षणात तास तास चर्चा करतो. अध्ययन निष्पत्ती, निपुण भारत, भाषा पेटी, गणित पेटी असं सगळं येतं, आणि ते हवंच आहे. पण मास्तर गावात राहतो की नाही, हा प्रश्न निघाला की सभागृहात एकदम शांतता पसरते. मुख्यालयी राहण्याचा ठराव ग्रामपंचायतीच्या वहीत असतो, खोली मात्र गावात नसते. आजच्या शिक्षकाला घर, मुलांचं शिक्षण, आजारी आईवडील अशा खऱ्या अडचणी असतात. सगळ्यांनी संन्यासी व्हावं असं म्हणण्यात अर्थ नाही. तरी त्या निवासी शाळेचा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

हिप्परग्याला असतानाच त्यांनी संन्यासाची दीक्षा घेतली. गुरू होते स्वामी नारायण तीर्थ, आणि ते स्वामी रामतीर्थांचे शिष्य. रामतीर्थ कोण, तर लाहोरच्या कॉलेजात गणित शिकवणारे प्राध्यापक, जे पुढे वेदान्ताकडे वळले. अशा मास्तर-संन्याशाच्या परंपरेतून व्यंकटेश खेडगीकरांचे स्वामी रामानंद तीर्थ झाले. साधारणपणे संन्यास घेतला की माणूस हिमालयाची वाट धरतो. यांनी भगवी वस्त्रं घातली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वर्गातच! संन्यासाचा त्यांनी केलेला अर्थ असा की आता स्वतःचं घर नाही, तेव्हा वेळ सगळा दुसऱ्यांचा. पुढे हीच वस्त्रं घालून ते तुरुंगात गेले आणि लोकसभेतही बसले.

१९३५ साली ते हिप्परगा सोडून अंबाजोगाईला आले. सोबत काही सहकारी शिक्षक आणि विद्यार्थीही आले. शाळा बदलली की मुलांनी गुरुजींमागे गाव सोडून जावं, यावरून त्यांचं शिकवणं कसं असेल याचा अंदाज करा. सहकाऱ्यांमध्ये बाबासाहेब परांजपे होते, जे पुढे मुक्तिसंग्रामातले मोठे नेते झाले. अंबाजोगाईत योगेश्वरी नूतन विद्यालय ही लोकांची खासगी शाळा होती. स्वामीजी तिचे मुख्याध्यापक झाले. वय एकतीस-बत्तीस.

अंबाजोगाई हे आपल्या जिल्ह्यातलं विद्येचं गाव. मराठीतले आद्य ग्रंथकार मानले जाणारे मुकुंदराज यांची समाधी इथे आहे. सोळाव्या शतकातल्या दासोपंतांनी इथे बसून अफाट लेखन केलं. कागद कमी पडला की काय कोण जाणे, त्यांनी लांबलचक कापडावरसुद्धा ओव्या लिहिल्या, तीच प्रसिद्ध पासोडी. संस्थानी कागदावर मात्र या गावाचं नाव तेव्हा मोमिनाबाद होतं. ज्या गावात मराठी ग्रंथ लिहायला सुरुवात झाली असं आपण अभिमानाने सांगतो, त्याच गावात मराठी पोराला पुढचं शिक्षण परक्या भाषेत घ्यावं लागे. हे लक्षात घेतलं म्हणजे योगेश्वरी विद्यालयाला लोक का जपत होते ते कळतं. ही शाळा सरकारने दिलेली नव्हती. ती बंद पडली असती तर नुकसान गावाचं होणार होतं, आणि गावाला ते माहीत होतं.

स्वामीजींच्या काळात ही शाळा फक्त परीक्षेची शाळा राहिली नाही. आजूबाजूच्या खेड्यांतली मुलं तिथे येत, देशात काय चाललंय ते त्यांच्या कानावर पडे, वाचन होई, चर्चा होई. पोलिसांची नजर असणं ओघानंच आलं. इथून शिकून गेलेल्यांतले कित्येक जण दहा वर्षांनी मुक्तिसंग्रामात कार्यकर्ते म्हणून दिसतात. स्वामीजींना पुढे संस्थानभर जी माणसं मिळाली, त्यांतली बरीच आधी वर्गात समोर बसलेली होती.

आणि मग १९३८ साली त्यांनी शाळा सोडली.

इथे मला थांबायचं आहे, कारण चरित्रलेखात ही ओळ फार पटकन येते आणि जाते. अंबाजोगाईत येऊन त्यांना जेमतेम तीन वर्षं झाली होती. शाळेची घडी नुकती बसत होती. चांगला मुख्याध्यापक तीन वर्षांत निघून गेला की शाळेचं काय होतं हे आपण सगळेच पाहतो. बदल्यांच्या मोसमात गावकरी कुलूप लावायला निघतात ते उगाच नाही. मग स्वामीजींनी असं का केलं?

१९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं. अध्यक्ष होते गोविंदराव नानल. संस्थानातल्या मराठी माणसांची ही पहिली मोठी संघटना. मातृभाषेतून शिक्षण, नागरिकांना बोलण्याचं आणि सभा घेण्याचं स्वातंत्र्य, जबाबदार राज्यपद्धती असे विषय तिथे होते. म्हणजे शाळेच्या खोलीत जी अडचण रोज दिसत होती, तिचं मूळ शाळेबाहेर होतं. मुख्याध्यापक कितीही चांगला असला तरी माध्यमाचा नियम तो बदलू शकत नव्हता. एक शाळा सुधारली तरी शेजारच्या पन्नास गावांत शाळाच नव्हती. ज्याला हे दिसलं त्याने वर्गात थांबायचं की बाहेर पडायचं? दोन्हीकडून बोलता येतं. माझं मत विचाराल तर त्यांचं जाणं बरोबर होतं, पण त्याचं एक कारण असं की ते शाळेला वाऱ्यावर सोडून गेले नाहीत. मागे त्यांच्या बरोबरीने काम केलेले शिक्षक होते, आणि शाळा चालू राहिली. एका माणसावर उभी असलेली शाळा त्या माणसाबरोबर जाते. ही गेली नाही.

पुढचा इतिहास तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचता, म्हणून थोडक्यात सांगतो. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली. ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला, त्यात स्वामीजींना अटक होऊन शिक्षा झाली. त्याच वर्षी उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत वंदे मातरम् म्हणण्यावर बंदी घातली गेली, विद्यार्थ्यांनी संप केला आणि शेकडो जणांची नावं काढून टाकण्यात आली. नागपूर विद्यापीठाने त्यांतल्या अनेकांना प्रवेश दिला. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांतलेच एक. ते स्वामीजींना शेवटपर्यंत गुरुस्थानी मानत राहिले. १९४० आणि १९४२ मध्ये पुन्हा अटक. १९४६ मध्ये बंदी उठली आणि स्वामीजी स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष झाले. ७ ऑगस्ट १९४७ ला भारतात सामील व्हा असा आग्रह धरणारा दिवस संस्थानभर पाळला गेला. १५ ऑगस्टला सारा देश स्वातंत्र्याचा आनंद साजरा करत असताना स्वामीजींना पुन्हा अटक झाली. वर्षभर रझाकारांनी धुमाकूळ घातला. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली, आणि स्वामीजी बाहेर आले.

संस्थान गेलं, पण शाळा एका दिवसात तयार होत नाहीत. सगळं आयुष्य उर्दूत शिकवलेले शिक्षक होते, मराठी पुस्तकं नव्हती, हायस्कूलं तालुक्याच्या गावीसुद्धा धड नव्हती. कॉलेज तर संपूर्ण मराठवाड्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही नव्हती. उरलेल्या महाराष्ट्रात त्याच सुमारास कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांतून आणि शाळांतून खेड्यातली पोरं शिकून बाहेर पडत होती. आपण पन्नास वर्षं मागे होतो म्हटलं तरी चालेल. या फरकाची आकडेवारी अजूनही मराठवाड्याच्या अनुशेषाच्या चर्चेत डोकं वर काढते.

स्वामीजी पुन्हा शिक्षणाकडे वळले. १९५० साली त्यांच्या पुढाकाराने नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झालं. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादला कॉलेज काढलं, जे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखलं जातं. या दोन कॉलेजांनी मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतल्या मुलांच्या किती पिढ्या घडवल्या याची मोजदाद नाही. नांदेडच्या कॉलेजात पुढे नरहर कुरुंदकर प्राध्यापक आणि प्राचार्य झाले. मराठवाडा विद्यापीठ व्हायला मात्र १९५८ उजाडलं, तोवर आपल्या भागातल्या कॉलेजांचा संबंध हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशीच होता.

१९५२ मध्ये ते गुलबर्ग्यातून आणि १९५७ मध्ये औरंगाबादमधून लोकसभेवर निवडून आले. हैदराबाद राज्य भाषेप्रमाणे विभागून मराठवाडा महाराष्ट्राला जोडावा ही त्यांची भूमिका होती, आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हैदराबादचे तीन तुकडे होऊन मराठवाडा मुंबई राज्यात आला. यामागेही तीच शाळेतली गोष्ट आहे असं मला वाटतं. ज्या भाषेत लोक बोलतात त्या भाषेत शाळा आणि कचेरी चालावी, एवढंच. मंत्रिपद, बंगला, जमीनजुमला असं काही त्यांनी केलं नाही. भूदान आणि खादीच्या कामात राहिले. संघर्षाच्या आठवणी त्यांनी पुस्तकरूपाने लिहून ठेवल्या आहेत, नववी-दहावीच्या मुलांनी मोठ्यांच्या मदतीने जरूर वाचाव्यात.

आज आपल्या जिल्ह्यात भाषेची अडचण राहिली नाही. बालवाडीपासून कॉलेजपर्यंत सगळं मराठीत मिळतं. वाडीवस्तीवर शाळा आहे. तरी दसरा झाला की वर्गातली संख्या एकदम कमी होते. आईबाप कोयता घेऊन साखर कारखान्याच्या भागात जातात, कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी कर्नाटकात. गाडीत भांडीकुंडी, शेरडं, आणि मधे बसलेली पोरं. मार्च-एप्रिलमध्ये ती परत येतात तेव्हा पाढे विसरलेले असतात आणि वार्षिक परीक्षा तोंडावर असते. तेव्हा मुलाला शाळेची भाषा कळत नव्हती, आता सहा महिने शाळाच सापडत नाही. यावर उपाय म्हणून हंगामी वसतिगृहं सुरू झाली. पोरं आजी-आजोबांजवळ गावातच राहतात आणि जेवणाची सोय शाळेजवळ होते. जिथे शिक्षक आणि गावकरी मनावर घेतात तिथे ती नीट चालतात, जिथे नुसता कागद रंगवला जातो तिथे चालत नाहीत. मुलांसोबत गुरुजीही वसतिगृहात राहणाऱ्या हिप्परग्याच्या शाळेची आठवण इथे येते.

स्वामीजींचं निधन २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबादला झालं. तिथे बेगमपेठेत त्यांची समाधी आहे. नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचं नाव १९९४ साली दिलं गेलं. अंबाजोगाईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयालाही त्यांचंच नाव आहे. बीड, लातूर, परभणीकडचे पेशंट तिथे येतात आणि त्या मोठ्या नावाचं लघुरूप करून नुसतं 'एसआरटी'ला नेलंय असं सांगतात. योगेश्वरीची शाळा अंबाजोगाईत आजही भरते.